आडव्या दिशेची बेरीज

कारखान्यात तिला सगळे मास्तरीण म्हणत. तिनं कधी कुणाला काही शिकवलं होतं असं नव्हे. कापड कापणाऱ्याला मास्तर म्हणायची तिथली रीत होती आणि ही बाई, म्हणून मास्तरीण. दवाखान्यांत घालायचे पांढरे आणि फिकट निळे कोट तिथं शिवले जात. लांबलचक टेबलावर कापडाचे थर एकावर एक अंथरायचे, वर साच्याचा कागद पसरायचा, चिमटे लावायचे आणि मग विजेची सुरी चालवायची. सुरी थरांत शिरली की मागं येणं नाही. शिवणाऱ्याची चूक उसवता येते, इस्त्रीवाल्याची पाणी मारून सावरता येते. कापणाऱ्याची चूक सगळ्या चळतीतून आरपार जाते, आणि खालच्या शेवटच्या थरापर्यंत ती अगदी सारखी, अगदी नीट कापलेली असते.

या भीतीवरच तिचं आयुष्य उभं होतं. सुरीची कळ दाबण्याआधी ती माप तीनदा पाही आणि तरी पहिल्या इंचाला तिचा श्वास अडके. घरी गॅस बंद केल्यावर परत जाऊन बटणाला हात लावून येई. कुलूप लावल्यावर ते ओढून बघे, जिना उतरल्यावर वर नजर टाके. मुलगी म्हणायची, "आई, कुलपाला पण आता कंटाळा आला असेल तुझा." नवरा लिफ्टदुरुस्तीचं काम करायचा आणि त्याला कशाचीच घाई नसायची. तो म्हणायचा, "अगं, काळजी करण्यासारखं काही घडलं ना, तर मी तुला आधी सांगेन. तोवर तू जेव."

मग कारखान्यात बातमी आली की कापणीचं नवं यंत्र येणार. पडद्यावर साचा काढायचा, आकडे भरायचे, सुरी आपोआप फिरणार. मॅनेजरनं तिला काचेच्या खोलीत बोलावलं. तो वाईट माणूस नव्हता. वाईट बातमी सांगताना तो टेबलावरचा स्टेपलर उघडझाप करत बसे.

"यंत्र विकणारे लोक शिकवायला येतायत," तो म्हणाला. "पण त्यांची अट आहे. शाळेची शेवटची परीक्षा पास हवी, ती पण विज्ञान घेऊन. तुमचं काय झालंय त्याचं?"

"सगळे पेपर झालेत, साहेब. भौतिकशास्त्राचं प्रॅक्टिकल राहिलंय."

"मग द्या की."

"देतेय."

"या वेळेला व्हायला पाहिजे. नाहीतर बाहेरचं माणूस घ्यावं लागेल मला." स्टेपलर मिटला. "तुम्हाला काढणार नाही हो कुणी. धागे तोडायला माणसं लागतातच."

धागे तोडायचं टेबल खिडकीपासून लांब, संडासाच्या भिंतीला लागून होतं. ती पहिल्यांदा कामाला लागली तेव्हा तिथंच बसली होती. तिथून कापणीच्या टेबलापर्यंत यायला तिला तरुणपण सगळं लागलं होतं. आता मॅनेजर तिला प्रेमानं परत तिथं बसवत होता.

वडील अंथरुणाला खिळले तेव्हा तिची शाळा सुटली होती. मुलगी मोठी झाल्यावर तिनं बाहेरून परीक्षा द्यायला घेतली. एकेक विषय तिनं उसवलेली शिवण परत घालावी तसा पुरा केला. लेखी परीक्षेचं तिला भय वाटलं नाही, कारण कागदावर खोडता येतं. पण मागच्या खेपेला प्रॅक्टिकलला उभी राहिली आणि समोर उपकरणं दिसताच तिच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. हातातली प्रयोगाची पोलादी गोळी निसटून कपाटाखाली गेली. ती शोधायला ती वाकली, वाकल्यावर रडू फुटलं, आणि ती तशीच घरी निघून आली. घरी आल्यावर गॅस तपासला.

या खेपेला तिनं संध्याकाळची शिकवणी लावली. तिथल्या प्रयोगशाळेच्या बाई तिच्याहून लहान होत्या, हाताला कायम खडू लागलेला, बोलणं भराभर. त्यांनी सगळे प्रयोग करून घेतले, पण एका प्रयोगापाशी मास्तरीण रोज अडायची. तो टकरीचा.

प्रयोग दिसायला पोरखेळ. टेबलाच्या कडेला पत्र्याची वाकवलेली घसरगुंडी बसवलेली. वरून पोलादी गोळी सोडायची. ती घसरत कडेपर्यंत येते, कडेच्या पुढं एका बारक्या खिळ्यावर तशीच दुसरी गोळी बसवलेली असते, तिला ती जरा बाजूनं धडकते, आणि दोघी दोन दिशांना उडून जमिनीवर पडतात. जमिनीवर पांढरा कागद, त्यावर कार्बन पेपर पालथा. गोळी पडली की कार्बनखाली काळा ठिपका उठतो. खिळ्याच्या बरोबर खालची जागा ओळंबा सोडून आधीच खूण करून ठेवलेली असते.

"दोघी एकाच उंचीवरून पडतात," बाई सांगत, "म्हणजे पडायला दोघींना वेळ सारखाच लागतो. म्हणून जी लांब गेली तिचा वेग जास्त. खुणेपासून ठिपक्यापर्यंतचं अंतर म्हणजेच वेग समजा. गोळ्यांचं वजन सारखं, म्हणजे संवेग पण तोच. आता काय सिद्ध करायचं? टकरीआधी एकटी गोळी सरळ पुढं चालली होती. आडव्या दिशेला तिचा संवेग शून्य. टकरीनंतर एक डावीकडं गेली, एक उजवीकडं. डावीकडचा आडवा भाग आणि उजवीकडचा आडवा भाग सारखे यायला हवेत, म्हणजे त्यांची बेरीज पुन्हा शून्य. आणि दोघींचे पुढच्या दिशेचे भाग मिळवले की एकटीचा होता तेवढा यायला हवा. दोन दिशा, दोन हिशेब. एकात दुसरा मिसळायचा नाही."

तिरक्या रेषेचे दोन भाग करणं तिला जड गेलं नाही. कापडाला उभा धागा असतो, आडवा धागा असतो. उरेब पट्टी कापायची तर सुरी दोन्ही धागे तोडत तिरकी जाते, आणि किती उभे तुटले, किती आडवे तुटले, हे वेगवेगळं मोजता येतं. साइन आणि कोसाइन तिनं तसेच लक्षात ठेवले. तिचं अडायचं ते दुसरीकडंच.

"बाई, आणि नाही आली बेरीज शून्य, तर?"

"येते हो. थोडाफार फरक पडतो, तेवढा चालतो."

"पण नाहीच आली तर?"

"तर तुमचं काहीतरी चुकलंय. गोळीचं नाही."

हे बोलणं तिच्या छातीत रुतून बसलं. कारखान्यात चुकलं तर कापड वाईट निघतं, धागा सुटतो, विजेचा दाब पडतो, कुणावर तरी थोडं ढकलता येतं. इथं ढकलायला जागाच नव्हती. दोन गोळ्या एकमेकींवर आपटून कुठंही जावोत, एवढ्या मोठ्या जगात कुठंही, त्यांचा हिशेब पुरा होणारच, आणि चुकीला जायला एकच घर उरणार, ते म्हणजे ती.

घरी जेवताना तिनं हे सांगितलं. नवऱ्यानं पाण्याचा पेला खाली ठेवला. "मला विचारशील तर दोन दिशांची भानगड नको. मी लिफ्टवाला. वर आणि खाली. आडवं जायला लागली तर लोक पोलिसांना बोलावतील."

"बाबा, तुमच्या दोघांची टक्कर झाली की सगळा संवेग एकाच बाजूला जातो," मुलगी म्हणाली.

"माझ्या," नवरा म्हणाला आणि बायकोकडं वळला. "नियमाला हा एक अपवाद लिहून ठेव तुझ्या पेपरात."

ती हसली नाही. तिला वाटत होतं, परीक्षेत नेमका हाच प्रयोग येणार. आणि तोच आला.

परीक्षेची खोली उंच छताची होती, टेबलांना जुन्या शाईचा आणि लोखंडाचा वास. बाकीची मुलं तिच्या मुलीच्या वयाची. दारात एकानं तिला वाट करून दिली, त्याला वाटलं ती पाणी द्यायला आलीय. परीक्षक सर्दीनं बेजार होते. तोंडात खोकल्याची गोळी चघळत, एका हातानं रुमाल सांभाळत ते टेबलांमधून फिरत होते आणि कुणाकडंही पाहून त्यांच्या कपाळाला तीच एक आठी पडत होती.

तिनं ओळंबा सोडला. खूण केली. कागदाच्या चारी कोपऱ्यांना चिकटपट्टी लावली, कार्बन पालथा आहे ना ते बोट घासून पाहिलं. काम हातांच्या ओळखीचं होतं. कागद पसरायचा, ताणायचा, हलू द्यायचा नाही. आधी तिनं खिळा बाजूला करून एकटी गोळी पुन्हापुन्हा सोडली. ठिपके एका जागी जमले, नखाएवढ्या घोळक्यात. मग खिळा परत आणून त्यावर दुसरी गोळी बसवली आणि टक्कर घडवली. गोळ्यांचा आवाज बारीक होता, दातावर दात बसावा तसा. डावीकडं एक घोळका झाला, उजवीकडं एक.

आता मोजायचं. तिच्या टेबलावर लाकडी पट्टी होती ती आखूड. लांब पट्टी पलीकडच्या मुलाकडं होती आणि तो ती सोडायला तयार नव्हता. परीक्षकांना सांगायची तिला छाती झाली नाही. पिशवीत तिचा स्वतःचा टेप होता, कामावरून थेट आलेली, म्हणून. तो हातात घेतल्यावर तिला जरा धीर आला. सकाळपासून पहिल्यांदाच काहीतरी तिच्या बाजूचं होतं. टेपचं टोक खुणेवर धरून तिनं तिन्ही अंतरं वाचली. एकटी गोळी पन्नास सेंटीमीटर. डावीकडची साडेएकोणतीसच्या जरा वर. उजवीकडची चव्वेचाळीस. कोनमापकानं कोन घेतले. डावीकडचा साठ, उजवीकडचा तीस. ते सगळं तिनं शाईनं तक्त्यात भरलं, कारण शाईनंच भरायचं असतं.

मग गुणाकार. आडवा भाग, डावीकडं साडेपंचवीस. आडवा भाग, उजवीकडं बावीस.

तिनं परत केला. तेच. पुढच्या दिशेची बेरीज केली, पन्नासाचे त्रेपन्न झाले होते.

फरक थोडा असेल तर चालतो, बाई म्हणाल्या होत्या. हा थोडा नव्हता. डावीकडं साडेतीन जास्त होते, आणि टकरीआधी त्या दिशेला काहीच नव्हतं. मग हे आलं कुठून? या उंच खोलीत, या सगळ्या माणसांसमोर, तिच्या टेबलावर कशातून तरी काहीतरी जन्माला आलं होतं आणि त्याचा जाब तिलाच द्यायचा होता. तिला संडासाच्या भिंतीलगतचं टेबल दिसलं. तिथल्या दिव्याची नळी सतत फडफडायची.

पलीकडच्या मुलानं मान तिरकी करून तिचा कागद पाहिला. "काकू," तो ओठ न हलवता पुटपुटला, "कोन बदला ना. साठाचा बावन्न करा. जमतंय. मी पण केलंय."

तिनं मनात करून पाहिलं. आडवा हिशेब जवळपास जुळत होता. पण मग पुढच्या दिशेची बेरीज आणखीच फुगत होती. एकीकडं ओढलं की दुसरीकडं चुणी, अंगावर न बसणाऱ्या कोटासारखी. मोहाला ती नाही म्हणाली असं नव्हे. मोह मापात बसला नाही एवढंच.

"बोलायचं नाही," परीक्षक लांबूनच म्हणाले आणि शिंकले.

तिनं गोळ्या पुन्हा सोडल्या. पुन्हा. हाताला घाम होता, गोळी फडक्यानं पुसावी लागत होती. ठिपके परत त्याच घोळक्यांत पडले. त्या काळ्या घोळक्यांकडं बघता बघता तिच्या भीतीला मध्येच एक भोक पडलं. हात चुकत असता तर ठिपके विखुरले असते. ते विखुरत नव्हते. घसरगुंडी दर खेपेला तेच करत होती, गोळ्या तेच करत होत्या. चूक होती ती सगळीकडं सारखी होती, नीट कापलेली, वरपासून खालच्या थरापर्यंत एकच. अशी चूक हाताची नसते. अशी चूक मापाची असते.

पण माप तर तिनं तीनदा पाहिलं होतं.

कारखान्यात आकड्यांचा गोंधळ झाला की ती आकडे सोडून द्यायची. कागदाची पट्टी घेऊन लांबी तशीच उचलायची आणि दुसरीकडं नेऊन ठेवायची. तिनं उत्तरपत्रिकेची कोरी कड फाडली नाही, फाडलं तर परीक्षक काय म्हणतील, म्हणून पिशवीतल्या बिस्किटाच्या पुड्याचा कागद घेतला. त्याच्या कडेवर डाव्या बाणाची, म्हणजे खुणेपासून डाव्या घोळक्यापर्यंतच्या रेषेची, लांबी पेन्सिलीनं उचलली. गुण्या सरकवत उजव्या ठिपक्यापासून डाव्या बाणाला समांतर रेष काढली आणि पुड्याचा कागद त्या रेषेवर ठेवला.

टोक एकट्या गोळीच्या ठिपक्यांपाशी आलं. अगदी त्यांच्यात नाही, पण शेजारी, बोट ठेवावं इतकं जवळ.

म्हणजे कागदावर सगळं जुळत होतं. उजवीकडं जाऊन मग डावीकडं गेलं की माणूस तिथंच पोचत होता जिथं एकटी गोळी सरळ गेली होती. जुळत नव्हते ते फक्त आकडे. तिनं टेप हातात घेतला आणि नवख्यानं बघावं तसा पाहिला. टेपच्या टोकाला दहा लिहिलं होतं.

त्यांच्या कारखान्यात सगळ्या टेपांची टोकं झिजून धागे सुटले होते, ते कापडात अडकत. कुणीतरी एकदा सगळ्यांची पहिली दहा कापून टाकली होती. मग साच्यांवरचे आकडेही दहा वाढवून लिहिले गेले. तिथं पन्नास म्हटलं की कापड चाळीस, हे कुणी बोलून दाखवत नसे, वजाबाकीही कुणी करत नसे, आणि एकही कोट कधी लांब झाला नव्हता. सगळेच सारखे चुकत होते म्हणून कुणीच चुकत नव्हतं. इथं मात्र गोळ्या दोन दिशांना गेल्या होत्या, आणि वाढीव दहा प्रत्येक दिशेला वेगळे वाटले जात होते, आडव्या हिशेबात साठ अंशांना जास्त, तीस अंशांना कमी.

चूक सापडल्यावर बरं वाटावं, तिला वाटलं नाही. आता तक्ता खोडायचा होता. शाईनं लिहिलेला, तिच्या सुवाच्य अक्षरातला तक्ता. पेन आकड्यांवर टेकवून ती क्षणभर तशीच थांबली, आणि कळ दाबल्यासारखी एका दमात तीन रेघा मारल्या. बाजूला नवे आकडे लिहिले. चाळीस. साडेएकोणीसच्या जरा वर. चौतीस. गुणाकार मांडले. आडवा भाग डावीकडं सतराच्या किंचित खाली, उजवीकडं सतरा. पुढची बेरीज मांडली आणि ती पुरी व्हायच्या आत परीक्षक तिच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"वेळ झाली."

"एकच बेरीज राहिलीय, सर."

"राहू द्या. हे काय आहे?" खोडलेल्या आकड्यांवर त्यांनी बोट ठेवलं.

तिनं टेप दाखवला. बोलताना तिचा आवाज इतका खाली गेला की त्यांना वाकावं लागलं. त्यांनी टेपचं टोक चिमटीत धरून पाहिलं.

"हा घेऊन का आलात तुम्ही?"

"लांब पट्टी नव्हती, सर."

"मागायची."

"हो, सर."

"आणि हा बिस्किटाचा कागद?"

"लांबी उचलायला."

परीक्षकांनी तो उलटून पाहिला, जणू मागं काही लिहिलेलं असावं. मग एका गोळीला हात लावत म्हणाले, "समजा, ही दुसरी गोळी दुप्पट जड असती. मग काय केलं असतं?"

बाईंनी हे सांगितलं होतं. कधी सांगितलं, काय सांगितलं, एक शब्द आठवेना. खिडकीबाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत होतं. परीक्षक रुमालानं नाक पुसत थांबले, आणि त्यांचं ते थांबणं तिला सगळ्यांत भयंकर वाटलं.

"तिचा बाण," ती म्हणाली, "दोनदा ठेवावा लागला असता. म्हणजे, ठिपका जवळ पडला असता, पण धरायचा दुप्पट."

"लांबी दुप्पट करायची. आणि कोन?"

"कोन तसाच, सर. बाण दुप्पट धरल्यानं दिशा कशी बदलेल?" ती घाबरली. हे उलट विचारल्यासारखं झालं होतं.

"हं," परीक्षक म्हणाले. त्यांनी कागदावर काहीतरी खरडलं, हातानं झाकून. "शेवटची बेरीज किती आली असती?"

तिनं तोंडानं केली. पावणेदहा आणि साडेएकोणतीस. "सव्वाएकोणचाळीस. चाळीस यायला पाहिजे होते."

"उरलेलं पाऊण कुठं गेलं?"

तिला माहीत नव्हतं. खिळ्याला लागून थोडं अडलं असेल, मोजताना थोडं सांडलं असेल, असं काहीतरी ती म्हणाली, आणि म्हणताना तिला खात्री होती की ते पाऊण तिनंच कुठंतरी हरवलंय.

निकालापर्यंतचे दिवस तिनं धागे तोडायच्या टेबलाकडं न बघता काढले. जाता-येता मान वळवायची. तिथं बसणाऱ्या बाईनं एकदा विचारलंही, "मास्तरीण, माझ्यावर रागावलात का हो?" घरी ती कपड्यांच्या घड्या घालून परत उलगडे. नवऱ्यानं तिला लिफ्टच्या कामावर सोबत नेलं, मन रमेल म्हणून. ती वरच्या मजल्यावर उभी राहून खालच्या काळ्या भोकात बघत राहिली. परत येताना म्हणाली, "दोर तुटत नाहीत ना रे हे?" तो म्हणाला, "तुटले तर मी तुला आधी सांगेन."

निकाल मुलीनं फोनवर पाहिला. वाचून तिनं फोन आईच्या हातात दिला, कारण सांगितलं तर आई मानणार नाही हे तिला ठाऊक होतं. प्रॅक्टिकलला गुण फार नव्हते. खाडाखोडीचे कापले असावेत, किंवा पट्टीचे, किंवा त्या पाऊणचे. पण पास होण्याइतके होते आणि थोडे वरही होते.

मॅनेजरनं यादीत नाव घातलं. स्टेपलरला हात न लावता. "सोमवारपासून या इकडं," तो म्हणाला. यंत्र भिंतीलगत उभं होतं, अजून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं, धुक्यात उभ्या असलेल्या जनावरासारखं.

घरी नवऱ्यानं चहा ठेवला होता. ती बसली, पण कप उचलला नाही.

"आता काय झालं?" त्यानं विचारलं. "पास झालीस ना?"

"झाले."

"मग?"

"आता त्या यंत्रावर बसावं लागेल," ती म्हणाली. "त्याला म्हणे एकदा आकडा दिला की ते मधेच थांबत नाही."

मुलीनं वडिलांकडं पाहिलं. नवऱ्यानं तिचा कप तिच्या हाताजवळ सरकवला आणि ती तो उचलेपर्यंत वाट बघत बसला.